आठ आउटांनंतरचा फेब्रुवारी

फेब्रुवारीतलं सिएटल ओलं आणि करडं असतं. संध्याकाळचा चहा होतोय तोवर दिवे लावावे लागतात. पण या आठवड्यात इथल्या बेसबॉलवेड्यांचं निम्मं चित्त ॲरिझोनात आहे. फीनिक्सच्या कडेला पिओरिया नावाचं शहर आहे, तिथल्या सराव मैदानावर सिएटल मरिनर्सचे पिचर आणि कॅचर हजर झाले. बाकीचे खेळाडू मागून येतील, त्यानंतर सरावाचे सामने, आणि खरा हंगाम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. आत्ता बघायला मिळतं ते फारच थोडं: कुणीतरी फोनवर घेतलेला काही सेकंदांचा व्हिडिओ, मागे निरभ्र आकाश, एक उंच माणूस हात फिरवून चेंडू टाकतो आणि दुसरा उकिडवा बसून तो झेलतो. ग्लव्हमध्ये चेंडू बसतो त्याचा खणखणीत आवाज येतो. मी सकाळपासून तो आवाज परत परत ऐकतेय.

हंगामाची ओढ दर वर्षीच लागते. यंदाची ओढ मात्र गेल्या, म्हणजे २०२५ च्या, ऑक्टोबरमधून आलेली आहे, त्यामुळे आधी ऑक्टोबर सांगायला हवा.

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत, पंधरा अमेरिकन लीगमध्ये आणि पंधरा नॅशनल लीगमध्ये. दोन्ही लीगचे विजेते शेवटी वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर येतात. मरिनर्स १९७७ पासून खेळताहेत, आणि या तिसांमध्ये हा एकच संघ असा आहे ज्यानं वर्ल्ड सिरीजमध्ये कधी पाऊल ठेवलेलं नाही. जिंकण्याहरण्याचा प्रश्न पुढचा, तिथपर्यंत पोचलेलेच नाहीत. गेल्या वर्षी पोचता पोचता राहिले.

१० ऑक्टोबरच्या शुक्रवारी डेट्रॉइटविरुद्ध प्लेऑफमधला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतला, पाचवा, निर्णायक सामना होता. (सामना एरवी नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांची बॅटिंग, तीन आउट झाले की पाळी संपली. बरोबरी असेल तर इनिंग वाढत जातात.) डेट्रॉइटचा पिचर टारिक स्कूबल. त्यानं सहा इनिंगमध्ये तेरा जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. आमचे बॅटर येत होते आणि मान खाली घालून परत जात होते. तो बाजूला झाल्यावर सातव्या इनिंगमध्ये लिओ रिवासला बदली बॅटर म्हणून पाठवलं. त्या दिवशी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. त्यानं एक साधा, सरळ फटका मारला आणि बरोबरी झाली, २-२. तिथून पुढे सामना जो अडकला तो अडकलाच. आठवी, नववी, दहावी, अकरावी. आमच्याकडे त्या रात्री शेजारची दोन कुटुंबं होती. वरणभात सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला, कारण बसलं की काहीतरी वाईट घडेल अशी प्रत्येकाची आपापली समजूत झाली होती. एरवी सामन्याची सुरुवात करणारे लोगन गिल्बर्ट आणि लुइस कास्तियो हे दोघे पिचरही मधेच बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, धावत आले. पंधराव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना होर्हे पोलांकोनं चेंडू उजवीकडे मोकळ्या जागेत काढला आणि आमचा जे. पी. क्रॉफर्ड होम प्लेटवर पोचला, विजयाची धाव झाली. जवळजवळ पाच तास चाललेला सामना. प्लेऑफच्या इतिहासात निर्णायक सामना इतक्या इनिंग कधीच लांबला नव्हता.

मग अमेरिकन लीगच्या विजेतेपदासाठी टोरोंटोविरुद्ध सातांपैकी चार जिंकायचे होते. पहिले दोन आम्ही त्यांच्या मैदानावर जिंकलो, पुढचे दोन आपल्याच मैदानावर हरलो. पाचव्या सामन्याला मी आणि मुलगा स्टेडियममध्ये होतो. आठव्या इनिंगपर्यंत १-२ असे मागे. आमचा कॅचर कॅल रॅली यानं होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे घालवून, बरोबरी केली, आणि त्याच इनिंगमध्ये, बेस भरलेले असताना, युहेनिओ सुआरेसचा चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे गेला. ग्रँड स्लॅम. एका फटक्यात चार धावा. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी आजींनी मला आणि माझ्या मुलाला एकदमच मिठी मारली, आणि आम्ही तिघं बराच वेळ तसेच उड्या मारत होतो. वर्ल्ड सिरीज एका विजयावर आली होती.

सहावा सामना गेला. सातवा २० ऑक्टोबरला, टोरोंटोत. हुलिओ रोद्रिगेसचा होमरन, रॅलीचा होमरन, ३-१ अशी आघाडी. सातव्या इनिंगच्या उत्तरार्धात टोरोंटोचे दोघे बेसवर, एक आउट झालेला. म्हणजे आणखी आठ आउट मिळाले की झालं. जॉर्ज स्प्रिंगर बॅटिंगला आला आणि त्यानं आमच्या एडुआर्द बझार्दोचा चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. ४-३. पुढचे दोन्ही डाव कोरडे गेले आणि शेवटी हुलिओ स्ट्राइकआउट झाला.

त्या क्षणी बझार्दोऐवजी संघाचा सर्वांत भरवशाचा पिचर आंद्रेस मुन्योझ आणायला हवा होता का, यावर इथे सगळा हिवाळा वाद झाले. मॅनेजर डॅन विल्सन हे स्वतः जुने मरिनर्स, १९९५ च्या गाजलेल्या संघातले कॅचर. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे की मुन्योझलाच आणायला हवं होतं. शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवलेला माणूस, शेवटची इनिंगच हातातून निसटत असेल तर कधी वापरायचा? पण बझार्दोनं वर्षभर संघाला तारलं होतं, हेही मी विसरणार नाही. एका चेंडूवरून त्याचा हंगाम मोजू नये.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की एवढं जवळ येऊन हरल्यावर माणसाचं मन उडत असेल. माझं उलट झालं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी मी नुसती मोजत काढले. ते आठ आउट मला राहून गेलेल्या कामासारखे वाटतात, आणि ते काम या संघालाच पुरं करायचंय.

या खेळाशी माझी गाठ पडली ती रेडिओमुळे. लग्नानंतर २००४ मध्ये मी सिएटलजवळच्या रेडमंडला आले. नवरा कामावर, हातात गाडी नाही, ओळखीचं कोणी नाही. आधीच्या भाडेकरूनं ठेवून दिलेला एक रेडिओ घरात होता आणि संध्याकाळी त्यावर एका वयस्कर माणसाचा आवाज लागायचा. तो काय सांगतोय ते पहिले काही आठवडे मला अजिबात कळत नव्हतं. पण सांगण्याची पद्धत ओळखीची होती. माझे वडील कसोटी सामन्याच्या दिवसांत आकाशवाणीवर मराठी समालोचन ऐकायचे, बाळ ज. पंडितांचा आवाज आमच्या माजघरात दिवसभर असायचा. मैदान न दाखवता मैदान उभं करणारी माणसं कशी बोलतात हे माझ्या कानांना लहानपणापासून माहीत होतं. सिएटलमधला हा आवाज डेव्ह नीहॉस यांचा. १९७७ मधल्या मरिनर्सच्या पहिल्या सामन्यापासून तेच सांगत होते. काही अद्भुत घडलं की ते ‘माय ओ माय’ म्हणायचे, आणि त्या तीन शब्दांवरून मी आधी ओळखायला शिकले की काहीतरी मोठं झालंय. काय झालं ते हळूहळू कळायला लागलं. बॉल (ठरलेल्या चौकटीबाहेरून गेलेला चेंडू) आणि स्ट्राइक (चौकटीतला किंवा बॅटरचा हुकलेला) यांचा हिशेब, पिचर बेसवरच्या माणसाकडे वळून का बघतो, दोन आउट असताना सगळे चेंडूबरोबरच का पळत सुटतात, हे सगळं मला रेडिओनं शिकवलं.

ते वर्ष मरिनर्सच्या वाईट वर्षांपैकी एक होतं. ६३ विजय, ९९ पराभव. आणि त्याच संघात इचिरो सुझुकी एका हंगामात २६२ हिट, म्हणजे बेसवर पोचवणारे फटके, मारत होता. जॉर्ज सिस्लरचा २५७ चा विक्रम १९२० पासून अबाधित होता. तो त्यानं मोडला. तळाला गेलेल्या संघाचा सामना ऐकायला माणसं ताटकळत का थांबतात, हे त्या शरद ऋतूत मला कळलं. गेल्या जुलैत कूपरस्टाउनला इचिरो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. ३९४ पैकी ३९३ मतं मिळाली. ते एक मत न देणारा कोण, हे अजून कुणाला कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते कळून घ्यायचंही नाही. दिवस इचिरोचा होता.

नीहॉस २०१० च्या नोव्हेंबरमध्ये गेले. स्टेडियममध्ये त्यांचा पुतळा आहे: टेबलाशी बसलेले, समोर मायक्रोफोन, आणि शेजारची खुर्ची रिकामी. लोक तिथे बसून फोटो काढतात. त्यांच्यानंतर तो आवाज रिक रिझ यांचा झाला. ते १९८३ मध्ये इथे आले होते, मध्ये तीन वर्षं डेट्रॉइटला जाऊन १९९५ ला परतले. होमरन भिंतीपलीकडे जाताना त्यांचं ‘गुडबाय, बेसबॉल’ ऐकत माझी मुलं मोठी झाली. ३० सप्टेंबर २०२२ ची रात्र, नवव्या इनिंगला दोन आउट, तीन बॉल दोन स्ट्राइक, आणि बदली आलेल्या कॅल रॅलीनं होमरन मारून एकवीस वर्षांनी संघाला प्लेऑफमध्ये नेलं. ती रात्र माझ्या मनात रिझ यांच्या आवाजातच आहे. टीव्हीवर चित्र बघत होतो तरी आवाज रेडिओचा लावला होता. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, चित्र दोन क्षण मागेपुढे होतं ते चालवून घ्यायचं.

२०२५ हा आपला शेवटचा हंगाम असं रिझ यांनी आधीच जाहीर केलं होतं. टोरोंटोतला तो सातवा सामना त्यांचाही शेवटचा ठरला. यंदा पहिल्यांदाच असा हंगाम येतोय की माझ्या रेडिओवर नीहॉसही नसतील आणि रिझही नसतील. याचं मला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण रेडिओ लावणार मी तोच, त्याच जागी, ओट्याच्या कोपऱ्यात. नव्या माणसांचे आवाज मला आधीपासून थोडेफार माहीत आहेत. जुलै उजाडेपर्यंत ते घरचे होतील.

आता कॅल रॅलीबद्दल, कारण त्याच्याबद्दल बोलायला मला कुठलंही निमित्त पुरतं.

कॅचरचं काम बघितलं नाही त्याला कळणार नाही की त्यानं गेल्या वर्षी काय केलं. कॅचर प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो. सामन्यात आपल्या पिचरचे दीडशेच्या आसपास चेंडू, म्हणजे तितक्या बैठका. अंगठ्याला, खांद्याला, मुखवट्याला चेंडूंचा मार. शिवाय कुठला चेंडू टाकायचा हे ठरवायचं, पिचरची मनःस्थिती सांभाळायची, बेस चोरणाऱ्यावर, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या बेसकडे पळणाऱ्यावर, नजर ठेवायची. म्हणून कॅचरकडून फटक्यांची फार अपेक्षा कुणी करत नाही. पाय थकलेले असतात, आणि फटक्याची ताकद पायांतूनच येते. मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्याचा एका हंगामातला होमरनचा विक्रम ४८ होता, साल्वादोर पेरेसचा, २०२१ चा. रॅलीनं ६० मारले. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचा ५४ चा विक्रम १९६१ पासून होता, तोही गेला. केन ग्रिफी ज्युनियरचा ५६ चा मरिनर्सचा विक्रम मोडेल असं तर सिएटलमध्ये कुणी बोलायचंही नाही. अमेरिकन लीगमध्ये साठीला त्याच्याआधी तिघंच पोचले होते: बेब रूथ, रॉजर मॅरिस, एरन जज. साठावा होमरन आला २४ सप्टेंबरला, आपल्या मैदानावर, आणि त्याच रात्री मरिनर्सनी २००१ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला.

सर्वोत्तम खेळाडूचा मान जजला मिळाला. जजची बॅटिंग अफाट आहे यात वाद नाही. पण शंभराहून जास्त सामने प्लेटमागे बसून काढलेल्या माणसाचे साठ होमरन आणि आउटफिल्डमध्ये उभ्या असलेल्या माणसाचे फटके एकाच तागडीत तोलता येत नाहीत. मी मतदार असते तर माझं मत रॅलीला होतं, आणि या विषयावर मी कुणाशीही, कितीही वेळ बोलायला तयार आहे.

यंदा कॅचरचं महत्त्व आणखी वाढणार आहे. या हंगामापासून बॉल की स्ट्राइक या अंपायरच्या निर्णयाला आव्हान देता येईल आणि कॅमेरे निकाल देतील. प्रत्येक संघाला सामन्यात दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. आव्हान फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटर देऊ शकतो, तेही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात आपटून. डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकांवरून, खुणा करायच्या नाहीत. मला हा नियम मनापासून आवडला. पूर्ण यंत्राच्या हाती दिलं असतं तर मी नाराज झाले असते. पण इथे निर्णय माणसाचाच, आणि त्याला प्रश्नही माणसानंच, स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवून विचारायचा. ती नजर सर्वांत पक्की कुणाची? जो चेंडू हातात घेतो त्याची. आठव्या इनिंगला, एकच आव्हान उरलेलं असताना, रॅलीचा हात डोक्याकडे जातो की नाही हे बघायला मी फार उत्सुक आहे.

आणखी खूप काही आहे. पोलांको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, त्याची पंधरावी इनिंग मात्र इथेच राहिली. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी थांबवून घेतलं, हे हिवाळ्यातलं सर्वांत चांगलं काम. नेलर म्हणजे लीगमधल्या सर्वांत हळू धावणाऱ्यांपैकी एक जाडजूड गडी, आणि गेल्या हंगामात त्यानं ३० बेस चोरले! निव्वळ पिचरचा अभ्यास करून. वेग नसताना चोरी कशी करायची हे त्याच्याकडून बघावं. याच वर्षी जुना पिचर रँडी जॉन्सन याचा ५१ क्रमांक निवृत्त होणार आहे, म्हणजे तो पुढे कुणाला मिळणार नाही, जो इचिरोचाही होता. एकाच आकड्याला दोनदा मान. आणि स्टेडियमबाहेर ग्रिफी आणि एडगर मार्टिनेस यांच्या जोडीला इचिरोचाही पुतळा उभा राहणार आहे.

पण सगळ्यात जास्त ज्याची मला ओढ आहे ते यांपैकी काहीच नाही. मला ओढ आहे ती रोजच्या सामन्याची. एकशे बासष्ट सामने, एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज. मुंबईत असताना मी क्रिकेटवर प्रेम केलं, अजूनही करते, पण इतक्या रोजच्या सवयीचा खेळ मी दुसरा पाहिला नाही. गेल्या वर्षी मरिनर्स ९० सामने जिंकले, म्हणजे ७२ हरले. २००१ चा तो संघ ११६ जिंकला, १९०६ च्या शिकागो कब्सच्या विक्रमाशी बरोबरी केली, तरी ४६ वेळा हरलाच. मंगळवारी हरलो की बुधवारी ६:४० ला पुन्हा पहिला चेंडू. त्यामुळे शोक करायला वेळ मिळत नाही आणि फुशारकी मारायलाही मिळत नाही. फोडणी घालताना तिसरी इनिंग, जेवताना पाचवी, भांडी आवरताना आठवी. लेकीचा अभ्यास चालू असतो आणि ती मान वर न करता विचारते, कोण बॅटिंगला आहे? गावाकडून आईचा फोन येतो, तिथे सकाळ असते. तिलाही आता ऐकू येणाऱ्या गलक्यावरून कळतं की आज काय चाललंय. ‘जिंकतायत का गं तुझे?’ हा तिचा पहिला प्रश्न. खेळ तिला माहीत नाही. कॅल मात्र माहीत आहे.

हिवाळ्यात हे सगळं थांबतं. घर शांत होतं, आणि ती शांतता मला आवडत नाही.

यंदा पाडवा १९ मार्चला आहे, आणि त्यानंतर आठवड्याभरात ओपनिंग डे. हे दोन्ही इतक्या जवळ आल्यामुळे आमच्या घरी आत्तापासूनच घाई आहे. तिकिटं कधीच काढून झाली. आमच्या स्टेडियममध्ये घरचं खाणं नेता येतं, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या ठरल्यात. मार्चअखेरीस इथे पाऊस असतोच, पण छत सरकवून मैदान झाकतात. बाजू उघड्याच राहतात, त्यामुळे स्वेटर लागतात आणि पलीकडच्या रुळांवरून जाणाऱ्या आगगाड्यांचे भोंगे थेट कानांवर येतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या पेन्सिलीनं स्कोअरबुक भरतात, प्रत्येक चेंडूची नोंद ठेवून. किंगडोम या जुन्या स्टेडियमच्या काळापासूनच्या वह्या त्यांच्याकडे आहेत, त्यांत ८ ऑक्टोबर १९९५ ची वहीही आहे, मार्टिनेसच्या फटक्यावर ग्रिफी पहिल्या बेसवरून थेट होम प्लेटवर पळत आला त्या सामन्याची. यंदा त्या माझ्या मुलीला ही विद्या शिकवणार आहेत. मुलीनं नवी वही आणून तिला कव्हरही घातलंय.

दर वर्षीप्रमाणे फ्रिजवर अंदाजाचा कागद लागलाय. नवऱ्यानं ८९ विजय लिहिलेत, तो नेहमीच सावध. मुलानं ९७. मुलीनं १०२ लिहून खाली रॅलीच्या नावापुढे ६१ असा आकडा टाकलाय. मी ९४ लिहिलं, आणि ऑक्टोबरच्या रकान्यात गेली कित्येक वर्षं सोडलेली जागा यंदा मोठ्या अक्षरांत भरली: वर्ल्ड सिरीज, आपल्या मैदानावर, आम्ही चौघं हजर.